नवोदिताचे साल : व्यावसायिक बास्केटबॉलमधील पहिल्या कराराची समीक्षा

प्रास्ताविक

खान्देशात आखाजीचा सण जसा सासुरवाशिणींच्या माहेरपणाचा आणि झोक्यावरच्या गाण्यांचा, तसाच तो शेतीच्या हिशेबाचाही सण आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील गावागावांत अक्षय्य तृतीयेला जुन्या सालदाराचे साल संपते आणि नव्या सालदाराचे साल ठरते. रक्कम किती, उचल किती, खाडे किती माफ आणि किती कापून घ्यायचे, धान्य व पायताण धरून की वगळून, या साऱ्या गोष्टी दोन-चार माणसांच्या साक्षीने तोंडी ठरतात. कागद होत नाही; तरीही हा करारच असतो. त्यात मुदत असते, मोबदला असतो, अटी असतात आणि दोन्ही पक्षांचे बळ सारखे नसल्याची जाणीवही असते.

या करारापासून हजारो कोस दूर असलेला आणखी एक करार प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या व्यावसायिक संघमालिकेत प्रथमच प्रवेश करणाऱ्या खेळाडूला तेथे ‘रूकी’ म्हणतात. त्याचे पहिले वेतन त्याच्या गुणांवर झालेल्या घासाघिशीतून ठरत नाही. ते आधीच छापलेल्या एका कोष्टकातून येते. हे कोष्टक न्याय्य आहे काय, असल्यास कोणाच्या दृष्टीने, आणि अशाच पद्धतीचा अवलंब भारतातील कबड्डी व क्रिकेटच्या व्यावसायिक स्पर्धांनी केला तेव्हा त्यातून काय घेतले व काय गाळले, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

सालदार आणि एनबीएचा खेळाडू यांची तुलना प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. एकाचा प्रश्न वर्षभराच्या पोटापाण्याचा, तर दुसऱ्याचा कोट्यवधी डॉलरचा. परंतु कराराची समीक्षा करताना रकमेचा आकडा हा शेवटचा निकष असतो. करार किती काळ बांधतो, तो पुढे चालविण्याचा अथवा मोडण्याचा अधिकार कोणाकडे असतो आणि अटी ठरविणाऱ्या बैठकीत बांधल्या जाणाऱ्याला आवाज असतो काय, हे तीन प्रश्न अधिक मूलगामी आहेत. या तीन प्रश्नांपुरतीच ही तुलना मर्यादित आहे.

कोष्टकाचा जन्म

एनबीएमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’ नावाच्या वार्षिक निवडप्रक्रियेतून येतात. मागील हंगामात ज्या संघांची कामगिरी निकृष्ट असेल त्यांना आधी निवड करण्याची संधी अधिक मिळते. अगदी वरचे क्रमांक १९८५ पासून सोडतीने ठरतात. निवडीच्या दोन फेऱ्या होतात. ज्या संघाने निवडले त्याच संघाशी खेळाडूला बोलणी करावी लागतात. दुसऱ्या संघाचे दार त्याच्यासाठी बंद असते. येथेच या व्यवस्थेचा पहिला विशेष दिसतो. खेळाडू नोकरी शोधत नाही, नोकरी त्याला शोधते. मात्र गाव कोणते आणि मालक कोण, हे तो ठरवू शकत नाही.

असे असले तरी १९९४ पर्यंत रकमेबाबत घासाघीस करण्याची मुभा होती. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला ग्लेन रॉबिन्सन याने मिलवॉकी संघाशी दहा वर्षांचा, सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. व्यावसायिक पातळीवर एकही सामना न खेळलेल्या तरुणाला मिळालेली ही रक्कम पाहून संघमालक जसे बिथरले, तसेच अनेक वर्षे घाम गाळलेले ज्येष्ठ खेळाडूही नाराज झाले. परिणामी १९९५ मध्ये मालक व खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या सामूहिक करारात नवोदितांसाठी वेतनकोष्टक आले. पहिल्या फेरीतील प्रत्येक क्रमांकासमोर एक रक्कम लिहिली गेली, मुदत तीन वर्षांची ठरली आणि त्यानंतर खेळाडू मोकळा होऊ लागला.

ही मोकळीक मालकांना लवकरच महाग वाटू लागली. १९९५ मध्ये शालेय शिक्षण संपवून थेट एनबीएत आलेल्या केव्हिन गार्नेट याने १९९७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मिनेसोटा संघाशी सहा वर्षांचा १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. तीन वर्षांनी हातचा खेळाडू निसटेल, या भीतीपोटी संघाला ही किंमत मोजावी लागली. त्यानंतर १ जुलै १९९८ रोजी मालकांनी टाळेबंदी पुकारली. ती जानेवारी १९९९ मध्ये उठली तेव्हा ८२ सामन्यांचा हंगाम ५० सामन्यांवर आला होता. नव्या करारात नवोदिताच्या तीन वर्षांपुढे चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर जोडले गेले आणि त्यानंतरही जुन्या संघाचा हक्क काही अंशी शिल्लक राहिला. २००५ च्या करारापासून हे स्वरूप पुन्हा बदलले : पहिली दोन वर्षे हमीची; तिसरे व चौथे वर्ष संघाच्या इच्छेवर. तीच रचना पुढे कायम राहिली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. नवोदितांचे कोष्टक केवळ मालकांनी लादलेले नाही. ते खेळाडूंच्या संघटनेने मान्य केलेले आहे. मात्र ज्या तरुणांना ते लागू होणार होते ते त्या वेळी संघटनेचे सभासदच नव्हते; ते शाळेत किंवा महाविद्यालयात होते. वाटाघाटीच्या मेजावर बसलेल्या ज्येष्ठांनी स्वतःसाठी काही मिळविले, आणि त्याच्या बदल्यात जे दिले त्यातील काही भाग पुढे येणाऱ्यांच्या खिशातला होता. १९९९ च्या करारात मधल्या फळीतील अनुभवी खेळाडूंसाठी वेतनमर्यादेला खास अपवाद निर्माण झाले, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. गैरहजर पक्षाच्या माथी बोजा टाकणे सर्वांत सोपे असते, हे जगाच्या पाठीवर कोठेही खरेच.

कराराची अंतर्रचना

कोष्टकातील आकडा म्हणजे अंतिम वेतन नव्हे. त्या आकड्याच्या ८० ते १२० टक्के या दरम्यान वेतन ठरविण्याची मुभा असते. व्यवहारात बहुतेक सर्व खेळाडूंना १२० टक्केच मिळतात. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकाने सॅन अँटोनिओ संघात गेलेला फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बन्यामा याला पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर मिळाले. त्याच फेरीतील तिसाव्या क्रमांकाच्या वाट्याला आलेली रक्कम सुमारे २४ लाख डॉलर, म्हणजे त्याच्या एकपंचमांशाच्या आसपास होती. केवळ निवडीच्या क्रमामुळे पडणारा हा फरक आहे; प्रत्यक्ष खेळाचा त्याच्याशी अद्याप संबंध आलेला नसतो.

या रकमा प्रचंड वाटतात. त्यांचे खरे माप मात्र एनबीएच्याच तराजूत घ्यावे लागते. एका संघाने सर्व खेळाडूंवर किती खर्च करावा याची एक वेतनमर्यादा दरवर्षी जाहीर होते. २०२३-२४ च्या हंगामात ती सुमारे १३ कोटी ६० लाख डॉलर होती. सहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाच्या खेळाडूला या मर्यादेच्या जास्तीत जास्त २५ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर मिळू शकतात. काही विशेष बहुमान मिळविणाऱ्यांना ३० टक्क्यांपर्यंत जाता येते. वेम्बन्यामाचे वेतन मर्यादेच्या सुमारे ९ टक्के होते. म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटे खपतात त्या खेळाडूलाही पहिली चार वर्षे कोष्टकाबाहेरच्या कमाल वेतनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच समाधान मानावे लागते. उरलेले मूल्य संघाकडे राहते आणि ते अन्य खेळाडू मिळविण्यासाठी वापरता येते. म्हणूनच कोष्टकातील वेतनावर खेळणारा उत्तम नवोदित ही कोणत्याही संघाची सर्वांत किफायतशीर मालमत्ता ठरते.

तिसऱ्या व चौथ्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती असतो आणि तो एक हंगाम आधीच, ३१ ऑक्टोबरपर्यंत, वापरावा लागतो. तिसऱ्या वर्षी खेळाडू हवा की नको हे संघ दुसरा हंगाम सुरू होताना सांगतो. खेळाडूला मात्र ‘मला दुसरीकडे जायचे आहे’ असे म्हणण्याचा समान पर्याय नाही. तीन हंगाम पूर्ण झाल्यावर त्याच्याशी दीर्घ मुदतीचा वाढीव करार करता येतो. तसा न झाल्यास चार वर्षांनंतर संघ त्याला एका वर्षाचा ठरावीक देकार देऊन ‘मर्यादित मुक्त’ अवस्थेत ठेवू शकतो. या अवस्थेत दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करून जुना संघ त्याला स्वतःकडेच ठेवतो. खेळाडूला भाव मिळतो, गाव मिळत नाही.

येथे सालदारीचे स्मरण अपरिहार्य आहे. सालदाराचे साल आखाजीला पुरे झाले की, उचल फिटलेली असल्यास, तो दुसऱ्या शेतकऱ्याकडे जाऊ शकतो. जुन्या मालकाला त्याला थांबवायचे असेल तर रक्कम वाढवावी लागते, आणि वाढवूनही त्याने नकार दिला तर उपाय नसतो. या एका मुद्द्यापुरता खान्देशातील तोंडी करार अमेरिकेतील छापील करारापेक्षा नवोदिताला अधिक मोकळा सोडतो. परंतु ‘उचल फिटलेली असल्यास’ ही अट लहान नव्हे. आजारपण, लग्नकार्य किंवा खाड्यांमुळे अंगावर बाकी राहिली की पुढचे साल त्याच मालकाकडे घालावे लागते. वेठबिगार पद्धत कायद्याने १९७६ मध्ये नष्ट केली. परंतु कर्जाने माणूस बांधला जाण्याची शक्यता कायद्याच्या एका फटकाऱ्याने संपत नाही. एनबीएचा खेळाडू कर्जाने बांधलेला नसतो. त्याला बांधणारी दोरी निराळी आहे : त्याच्या पात्रतेला तोलाची दुसरी बाजारपेठ जगात जवळपास नाही.

हमीचे मोल

कोष्टकाच्या विरोधात एवढे लिहिल्यावर त्याच्या बाजूने जे म्हणता येते तेही तितक्याच स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. पहिल्या फेरीतील खेळाडूची पहिली दोन वर्षे हमीची असतात. तो खेळो, न खेळो, दुखापतीने खाटेवर पडो, वेतन मिळते. २००७ मध्ये पहिल्या क्रमांकाने पोर्टलँड संघात गेलेला ग्रेग ओडेन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पहिला संपूर्ण हंगाम खेळू शकला नाही. पुढेही दुखापतींनी त्याचा पिच्छा सोडला नाही आणि त्या संघाकडून तो एकूण ८२ सामनेच खेळला. खुल्या बाजारात सामन्यागणिक मोबदला असता तर त्याच्या हाती फारसे काही पडले नसते. कोष्टकाने त्याला हात दिला. म्हणजे हे कोष्टक यशस्वी खेळाडूकडून घेते आणि अयशस्वी किंवा दुर्दैवी खेळाडूला देते. सर्व नवोदितांनी मिळून काढलेला हा एक प्रकारचा विमाच होय. नवोदित कोण ठरेल, कोणाचे गुडघे टिकतील, हे आरंभी कोणालाच माहीत नसते. अशा वेळी कमी परंतु निश्चित रक्कम स्वीकारणे अविवेकी म्हणता येणार नाही.

परंतु या विम्याच्या छत्राखाली सर्व येत नाहीत. दुसऱ्या फेरीत निवडलेल्यांना हे कोष्टक लागू नाही आणि हमीचे बंधनही नाही. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातील बल्लोके या खेड्याचा सतनामसिंग भामरा याला डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकाने निवडले. एनबीएसाठी निवडला गेलेला भारतात जन्मलेला तो पहिलाच खेळाडू. देशातील वृत्तपत्रांनी या निवडीचे स्वागत मोठ्या मथळ्यांनी केले. त्या मथळ्यांत ‘निवड’ आणि ‘करार’ या दोन शब्दांतील अंतर मात्र क्वचितच सांगितले गेले. सतनाम दुय्यम दर्जाच्या विकास-स्पर्धेत टेक्सासच्या संघाकडून खेळला. एनबीएच्या नियमित हंगामातील एकही सामना त्याला मिळाला नाही. ५२ व्या क्रमांकाच्या खेळाडूसमोर कोष्टकात काहीच लिहिलेले नसते, एवढी एक गोष्ट माहीत असती तर त्या आनंदाचा सूर अधिक सावध राहिला असता. तिसरा वर्ग मुख्य व विकास संघांत ये-जा करणाऱ्या ‘द्विमार्गी’ करारावरील खेळाडूंचा. २०१७ पासून सुरू झालेल्या या करारात नवोदिताच्या किमान वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते.

तात्पर्य, नवोदिताचे वेतन हा एकच प्रकार नसून त्याची उतरंड आहे : वर हमी व बंधन, मध्ये बंधनाशिवाय हमीचाही अभाव, आणि खाली अर्धी जागा व अर्धे वेतन.

भारतीय रूपे

भारतात बास्केटबॉलची स्थिर व्यावसायिक संघमालिका उभी राहू शकलेली नाही. २०१५ ते २०१७ या काळात ‘यूबीए’ ही स्पर्धा झाली; तीत पुणे व मुंबईचे संघही होते; पण ती टिकली नाही. येथील बास्केटबॉलपटूचा खरा आधार रेल्वे, सैन्यदले व सार्वजनिक उपक्रमांतील नोकरी हाच राहिला आहे. म्हणून नवोदितांच्या कराराचा भारतीय अवतार पाहायचा तर क्रिकेट व कबड्डीकडे वळावे लागते.

इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, ज्येष्ठ खेळाडूंचा लिलाव झाला. एकोणीस वर्षांखालील खेळाडू मात्र ड्राफ्ट पद्धतीने व ठरावीक रकमेत संघांना वाटले गेले. दिल्लीने प्रदीप सांगवानला पसंती दिली आणि विराट कोहली बंगळूरच्या वाट्याला आला, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. पुढील काही वर्षे भारताकडून न खेळलेल्या देशी खेळाडूंना लिलावाबाहेर ठेवून त्यांच्यासाठी १०, २० व ३० लाख रुपयांचे टप्पे आखले गेले. हे टप्पे म्हणजे एनबीएच्या कोष्टकाचे भारतीय भावंडच होते. फरक असा की, त्यामागे मालक व खेळाडू यांची सामूहिक वाटाघाट नव्हती. आयोजकांनी नियम केला आणि तो लागू झाला. २०१० च्या हंगामात रवींद्र जडेजा खेळू शकला नाही, कारण जुन्या संघाच्या नूतनीकरणाच्या करारावर सही न करता अन्य संघाशी बोलणी केल्याबद्दल त्याच्यावर एका हंगामाची बंदी आली. नियम मोडला हे खरे; पण त्या नियमाला संमती कोणी दिली होती, हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही. २०१४ मध्ये असे खेळाडू लिलावात आले आणि त्याच वर्षी कर्ण शर्मासाठी हैदराबाद संघाने ३ कोटी ७५ लाख रुपये मोजले. ३० लाखांच्या छताखाली किती मूल्य दडलेले होते याचा हा बोलका पुरावा होय. २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली. ती निवृत्त खेळाडूंची आहे. मैदानावर खेळत असलेल्यांच्या वतीने मेजावर बसणारे कोणी नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने कबड्डीचे उदाहरण अधिक जवळचे. २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने नवोदितांसाठी ‘न्यू यंग प्लेअर’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. या वर्गातील खेळाडू लिलावात न जाता ठरावीक मोबदल्यावर संघात घेतले जातात आणि पुढील हंगामांसाठी त्यांना राखून ठेवता येते. २०२३ च्या दहाव्या हंगामाच्या लिलावात ‘अ’ वर्गाची मूळ बोली ३० लाख आणि सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाची ९ लाख रुपये होती. एका संघाची खर्चमर्यादा ५ कोटी रुपये होती. लिलावात दुसऱ्या संघाने लावलेल्या अंतिम बोलीची बरोबरी करून जुना खेळाडू परत घेण्याची सोयही संघांना आहे. एनबीएच्या ‘मर्यादित मुक्त’ अवस्थेशी तिचे साम्य उघड आहे.

दोन महाराष्ट्रीय खेळाडूंच्या वाटचालीतून या पद्धतीच्या दोन बाजू दिसतात. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये लिलावातून यू मुंबा संघात आला. किंमत सुमारे ३६ लाख रुपये. पहिल्याच हंगामात त्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळविले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लावली. एका वर्षात भाव चौपट झाला, कारण दुसऱ्याच वर्षी तो बाजारात उतरू शकला. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचा अस्लम इनामदार याचा मार्ग निराळा. तो नवोदितांच्या वर्गातून पुणेरी पलटणमध्ये आला, तेथेच राखला गेला, कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाला हरवून प्रथमच विजेतेपद मिळविले. राखून ठेवण्याच्या पद्धतीमुळे संघाला तरुणावर मेहनत घेण्याचे कारण मिळते, त्याची जडणघडण होते, हे तिचे समर्थन अस्लमच्या रूपाने उभे राहते. मात्र त्याला वर्षागणिक खुल्या बाजारात उतरता आले असते तर त्याची किंमत काय झाली असती, हे सिद्धार्थच्या उदाहरणाकडे पाहून प्रत्येकाने मनाशी ताडून पाहावे.

म्हणजे भारतीय स्पर्धांनी अमेरिकेतून कोष्टक, राखीव हक्क व बोलीची बरोबरी या तीन गोष्टी घेतल्या. ज्या गोष्टीमुळे तेथे या तिन्हींना काहीशी नैतिक मान्यता मिळते ती, म्हणजे १९५४ पासून कार्यरत असलेली खेळाडू संघटना आणि उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंना देणारा सामूहिक करार, मागे राहिली. पेरणीचे तंत्र आणले, पण पाण्याची सोय आणली नाही.

खान्देशातील दुसरा करार

जळगाव व धुळे येथील मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलाला या चर्चेचा उपयोग काय, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर प्रत्यक्ष अनुभवातच आहे. या भागातील खेळाडूच्या स्वप्नात लिलावाची बोली अलीकडे आली. त्याच्या घरच्यांच्या मनात अद्याप नोकरी हाच खरा करार आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचा विजय चौधरी याने २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’चा किताब पटकावला आणि त्यानंतर राज्य पोलीस दलात त्याची उपअधीक्षक पदावर नियुक्ती झाली. कुस्तीतील इनाम व मानधन हे आखाड्यातील उमेदीपुरते. पोलीस दलातील पद हे पुढील आयुष्यासाठी. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण याच मानसिकतेला अधिष्ठान देते. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या उद्योगसमूहाने क्रिकेट, कॅरम यांसारख्या खेळांतील खेळाडूंना नोकरीत घेऊन त्याच परंपरेची खासगी आवृत्ती घडविली आहे.

या दुसऱ्या करारात एनबीएच्या कोष्टकातील एक गुण अधिक मोठ्या प्रमाणात सापडतो, तो म्हणजे हमी. त्याचबरोबर एक उणीवही आढळते : ही हमी यशाच्या शिखरावर पोहोचलेल्यालाच मिळते. तीन वेळा किताब मिळविणाऱ्याला पद मिळते; उपांत्य फेरीत खांदा निखळलेल्याला काय मिळते? एनबीएचे कोष्टक निदान पहिल्या फेरीतील तिसावर तीस जणांना, त्यांचे पुढे काय होईल हे न पाहता, दोन वर्षे सांभाळते. आपल्याकडील व्यवस्था यश सिद्ध झाल्यावर सांभाळते. जोखमीचा काळ, म्हणजे सोळा ते बावीस वर्षांचे वय, पूर्णपणे कुटुंबाच्या खर्चावर असतो. मुलाच्या खुराकासाठी म्हैस राखणारा अथवा शेताचा तुकडा गहाण टाकणारा बाप हाच खान्देशी खेळाडूचा पहिला संघमालक असतो. आणि त्याच्या हाती कोणताच राखीव हक्क नसतो.

यामुळेच पहिला करार समोर येतो तेव्हा कुटुंबाचे लक्ष फक्त रकमेकडे जाते. सालदार ठरताना ‘उचल किती?’ हा पहिला प्रश्न असतो, कारण घरची गरज आजची असते. खेळाडूच्या घरीही तेच घडते. मुदत किती, पुढील वर्षाचा पर्याय कोणाचा, दुखापत झाल्यास वेतन चालू राहते काय, उपचाराचा खर्च कोणाकडे, संघ सोडायचा झाल्यास अट कोणती, हे प्रश्न मागे पडतात. विशेष असे की, हेच कुटुंब सालदाराचे साल ठरविताना, मग ते मालकाच्या बाजूचे असो की मजुराच्या, खाड्यांचा व आजारपणाचा एकेक तपशील बारकाईने बोलून घेते. बोलीभाषेतील करार त्याला वाचता येतो. छापील इंग्रजी करार येत नाही. अडाणीपणा हे त्याचे कारण नव्हे. तो करार त्याला त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितलेला नसतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, नवोदितांच्या वेतनाला मर्यादा असणे ही गोष्ट स्वतःहून अन्याय्य नाही. अनिश्चित भविष्य असलेल्या तरुणांमध्ये जोखीम वाटून घेण्याचा तो एक मार्ग आहे आणि दुर्बळ संघांना उभे राहण्याची संधीही त्यातून मिळते. परंतु मर्यादा न्याय्य ठरण्यासाठी तिच्या मोबदल्यात हमी हवी, बंधनाची मुदत अल्प व स्पष्ट हवी आणि अटी ठरविताना ज्याच्यावर त्या लागू होणार त्याचा प्रतिनिधी उपस्थित हवा. एनबीएच्या व्यवस्थेत पहिली गोष्ट पहिल्या फेरीपुरती आहे. दुसरी १९९५ नंतर उत्तरोत्तर क्षीण होत गेली. तिसरी आहे, परंतु ज्येष्ठांच्या हाती आहे. भारतीय स्पर्धांत तिसऱ्या गोष्टीचा जवळपास अभावच आहे आणि त्यामुळे पहिल्या दोन आयोजकांच्या सद्भावनेवर अवलंबून राहतात.

सद्भावना ही चांगली गोष्ट आहे. पण तिच्यावर साल घालता येत नाही, हे खान्देशातील कोणताही जुना सालदार सांगेल. तो मालकाचा स्वभाव ओळखून असतो आणि तरीही साक्षीदार बसविल्याशिवाय साल ठरवीत नाही. महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी खेळाडूंना स्पर्धेसाठी तयार करतानाच करार वाचण्यासाठीही तयार केले, तर जळगाव-धुळ्याच्या नवोदिताला निदान एक साक्षीदार लाभेल. उद्या त्याच्यासमोर येणारा कागद कबड्डीचा असेल, क्रिकेटचा असेल किंवा कदाचित बास्केटबॉलचाही असेल. त्यावर सही करण्यापूर्वी रकमेच्या आकड्याखालची ओळ वाचण्याची सवय लागणे, हेच त्याच्या पहिल्या वेतनातील सर्वांत मोलाचे वेतन ठरेल.